दुसऱ्याच्या जमिनीतलं झाड

आमच्याकडे जमीन एकाची आणि तिच्यातलं झाड दुसऱ्याचं, असं चालतं. त्यात कुणाला नवल वाटत नाही. माझ्या सासूचं, लल्ला इज्जाचं जैतुनाचं झाड तिच्या दिराच्या शेतात उभं होतं. लग्नात तिच्या सासऱ्यानं ते तिला मेहर म्हणून दिलं होतं. शेत पुढे वाटणीत दिराकडे, बा जिलालीकडे गेलं, झाड मात्र तिचंच राहिलं. बा जिलाली बुंध्याला वळसा घालून नांगर फिरवायचा. खाली पडलेलं एक फळ त्यानं कधी उचललं नाही. तोडणीला जाताना सासूनंही कधी त्याला 'येऊ का' म्हणून विचारलं नाही. एरवी दोघांचं एका शब्दावरून वाजायचं, पण त्या झाडावरून कधीच नाही.

सासूच्या मालकीचं जगात दुसरं काही नव्हतं. घर आधी नवऱ्याचं, मग मुलाचं. मेंढ्या घराच्या. चूल म्हणाल तर मी आल्यापासून माझी. झाड तेवढं तिचं, आणि झाडाचं पहिलं तेल तिचं. वाडीत कुणाकडे बाळ जन्मलं, की त्या घरची म्हातारी रिकामं वाडगं घेऊन आमच्या दारात यायची. सासू ते काठोकाठ भरून द्यायची. बाळाचं नाव ठेवीपर्यंत त्याच तेलानं त्याचं अंग चोळायचं. माझी दोन्ही लेकरं त्याच तेलात माखली गेली. ज्या घराशी आमचं बोलणं बंद होतं, त्या घरचंही वाडगं कधी रिकामं परत गेलं नाही.

नवी सून होते तेव्हा मला याचा राग यायचा. घरात कधी भाकरीला लावायला तेल नसायचं, आणि ही बाई कोपऱ्यातली बरणी लोकांसाठी झाकून ठेवायची. एकदा मी बोलून गेले, "लल्ला, आधी घरचं बघावं माणसानं."

"घरचं बघायला तू आलीयेस की," ती म्हणाली. "मला एवढं एक करू दे."

पुढे माझा राग कधी निवला ते माझं मलाच कळलं नाही.

मग कोरडी वर्षं लागली. डोंगरावर बर्फ पडेना. जमिनीखालून डोंगराचं पाणी आणणारा आमचा जुना पाट आजोबा-पणजोबांनी खणलेला, तो आधीच आटला होता. आता विहिरीही तळाला गेल्या. बार्ली वीतभर वाढून पिवळी पडायची. मेंढ्यांच्या बरगड्या दिसायला लागल्या, तशा आम्ही त्या एकेक करून बाजारात नेल्या. जैतून म्हणजे चिवट झाड, पण त्याचीही पानं आत वळायला लागली. सासू भांडी घासलेलं पाणी बादलीत साठवायची आणि कमरेवर हात ठेवून, वाटेत दोनदा बसून, झाडाला नेऊन घालायची.

रस्त्याच्या पलीकडे मात्र गोल्फचं मैदान. भर उन्हाळ्यात हिरवंगार, डोळ्यांना खुपेल असं. त्याच्या मोठ्या विहिरी आमच्या विहिरींपेक्षा कितीतरी खोल गेलेल्या. माझा नवरा ताहर तिथेच कामाला होता, गवत कापायच्या यंत्रावर. संध्याकाळी तो यायचा तेव्हा त्याच्या पँटीच्या दुमडीत गवताचे तुकडे असायचे आणि ते ओले असायचे. ते झटकून मी कोंबड्यांना टाकायचे. काय बोलणार? त्याच गवतावर आमची चूल पेटत होती.

एका हिवाळ्यात गोल्फवर नव्या बाई आल्या. मादाम विदाद, कासाब्लांकाच्या. बाई वाईट नव्हत्या, हे मी आधीच सांगून टाकते. वाईट असत्या तर सगळं सोपं झालं असतं. त्या आमच्या वाडीत आल्या, चटईवर मांडी घालून बसल्या, चहा प्यायल्या आणि म्हणाल्या, "आता आम्ही जमिनीतून थेंबभरही पाणी उपसणार नाही. शहराचं सांडपाणी आणायचं, ते गाळून, धुऊन वापरायचं. निम्मं गवत काढून टाकणार. त्या जागी इथलीच जुनी झाडं लावायची. कमी पाण्यावर जगतात ती."

"मराकेशची घाण आणणार म्हणा की," बा जिलाली म्हणाला. सगळे हसले.

"आणि जी वाडी झाडं देईल," मादाम म्हणाल्या, "तिला त्याच पाण्याचा नळ मिळेल. शेताला, कायमचा."

हसणं थांबलं. बा जिलालीनं इमामाकडे पाहिलं. "हे पाणी पाक का नापाक, तेवढं बोला."

इमामानं दाढी कुरवाळली. "रंग गेला, वास गेला, चव गेली, की पाणी पाक."

"चव कोण बघणार? आधी तुम्हीच बघा."

पुन्हा हशा झाला. मादामही हसल्या. पण सगळ्यांच्या मनात नळच घुमत होता, ते चेहऱ्यांवर दिसत होतं. कुणी म्हणालं, माझी दोन झाडं घ्या. कुणी म्हणालं, माझी चार. बा जिलालीच्या शेतात सगळ्यांत जुनं, सगळ्यांत देखणं झाड एकच होतं, आणि ते त्याचं नव्हतं. सगळे सासूकडे बघायला लागले.

सासू दाराच्या चौकटीला टेकून बसली होती. तिनं मादामना विचारलं, "माझं झाड तुमच्या जमिनीत उभं राहणार?"

"हो, लल्ला."

"पाणी तुमचं?"

"पाणी आमचं. रोज."

"कधी तोडणार नाही ना?"

"छे! जिवापाड जपू आम्ही."

मला माहीत होतं तिच्या मनात काय चाललंय. इथं झाड मरणार हे तिला दिसत होतं. "बरं तर," ती म्हणाली. "राहू दे तिकडं उभं. इथं तरी कुठं माझ्या जमिनीत आहे ते."

इमामानं फातिहा म्हणायला हात उघडले. सगळ्यांत आधी सासूनं तळवे उघडले, मग बा जिलालीनं, मग आम्ही सगळ्यांनी. मादामनीही उघडले. आमच्याकडे फातिहा झाली की व्यवहार पक्का, मग त्यात कुणी मागेपुढे करत नाही. त्या चटईवर एकाच फातिहाखाली दोन वेगळे व्यवहार पक्के झाले, आणि एवढ्या माणसांत ते एकाच्याही ध्यानात आलं नाही. येणार कसं? झाडानं जमीन बदलली म्हणून मालक बदलतो, हे आमच्या डोक्यात शिरणारच नव्हतं. आणि झाड नेलं तरी फळ दुसऱ्याचं राहतं, हे त्या बाईंच्या डोक्यात कुठून येणार?

झाड काढायला गोल्फची माणसं आली, त्यांत ताहरही होता. आधी त्यांनी फांद्या करवतीनं उतरवल्या, नुसते खुंट ठेवले, आणि कापलेल्या जागी चिखल लिंपला. मग बुंध्याभोवती गोल चर खणत गेले. जमीन दगडासारखी झाली होती. कुदळीचा घाव पडला की ठिणगी उडायची. ताहर गुडघ्यावर बसून मुळं कापत होता. जाड मूळ आलं की थांबायचा, हाताची पाठ कपाळावर फिरवायचा आणि मग कुऱ्हाड उचलायचा. सासूनं सगळ्यांना चहा करून नेला, ताज्या भाकरी नेल्या. बा जिलाली काठीवर हनुवटी ठेवून बघत होता.

"काय रे ताहर," तो म्हणाला, "आईची पाठवणी करतोयस?"

"तुझी जमीन मोकळी होतेय, तू खूश हो," सासू म्हणाली.

"मी कशाला खूश होऊ? आता भांडायला तू शेतात येणार नाहीस."

मुळांचा गोळा गोणपाटात बांधला, वरून तारा आवळल्या. क्रेननं झाड उचललं तेव्हा गोळ्यातून माती झरझर पडली. झाड वर लटकताना इतकं लहान दिसलं, की मला रडू आलं. सासू रडली नाही. लॉरी हलली तशी ती रस्त्यापर्यंत मागे चालत गेली. ड्रायव्हरला म्हणाली, "हळू ने रे, म्हातारं आहे." मग परत येऊन तिनं चहाचे पेले गोळा केले.

उन्हाळ्याआधी नळ आला. खोटं कशाला बोलू, पाणी चांगलं होतं. पहिले काही दिवस इमाम सोडून कुणी हात लावेना. मग एकेकानं पाट काढले. बार्ली कमरेपर्यंत आली. मी दाराशी पुदिना लावला. बा जिलालीच्या शेतात जिथं झाड होतं तिथला खड्डा बुजवून त्यानं कांदे लावले, आणि ते असे फुगले की तो येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवायचा. आमच्या विहिरीतही पाणी थोडं वर चढलं. वाडीचा जीव वाचला, हे खरंच आहे. गोल्फवर मात्र गवत निम्मं झालं तशी गवत कापणारीही निम्मी घरी बसली. ताहरला ठेवलं, कारण नव्या झाडांची निगा राखणारं कुणी हवं होतं. हिरवी टोपी मिळाली त्याला. ज्यांना काढलं ते त्याच्याशी नीट बोलेनासे झाले. "काय रे, तुझ्या आईच्या झाडानं वाचवलं तुला," असं कुणी तरी कॅफेत म्हणालं. ते त्यानं मला सांगितलं, आईला नाही.

सासू जुम्म्याच्या दुपारी रस्त्याकडेला जायची आणि तारेच्या कुंपणातून झाड बघायची. तळ्याच्या काठी, एका टेकाडावर ते लावलं होतं. पहिल्या वर्षी खुंटांना नुसते कोंब. त्या शरद ऋतूत तेल झालं नाही, म्हणून आदल्या वर्षीच्या बरणीतलंच तिनं काटकसरीनं दिलं. वाडगी आता काठोकाठ भरत नव्हती, पण रिकामी जात नव्हती. दुसऱ्या वर्षी झाड फुललं. ताहर रोज संध्याकाळी घरात पाऊल टाकायच्या आधी तिला सांगायचा, "यम्मा, धरलंय." मग, "यम्मा, दाणा भरतोय." मग एक दिवस, "यम्मा, दाणा जांभळा पडायला लागलाय."

बरणीचा तळ लागला होता. शेजारच्या हनियाच्या सुनेचे दिवस भरत आले होते. सासूनं बरणी उलटी करून उन्हात ठेवली, घासली, सुकवली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी निघालो. गाढवावर चटया आणि टोपल्या, सासूच्या हातात फांद्या ओढायची वेळूची काठी. ताहर पहाटेच कामावर गेला होता. तोडणीचं त्याला सांगायचं राहिलं, असं मी म्हणणार नाही. सांगण्यासारखं काही आहे असंच आम्हाला वाटलं नाही.

फाटकावर बुअज्जा नावाचा पहारेकरी होता, आमच्याच पलीकडच्या वाडीतला. "सलाम लल्ला, ताहरचा डबा आणलात?"

"झाडाकडं चाललोय," सासू म्हणाली. त्यानं मान हलवली आणि सोडलं. गाढव मात्र बाहेर बांधायला लावलं.

आत पाऊल टाकलं की पायाखाली मऊ लागतं. सासूनं चपला हातात घेतल्या. "घाण होईल गं त्यांचं," ती म्हणाली. झाडापाशी गेल्यावर तिनं आधी बुंध्यावर हात ठेवला, वरून खाली फिरवला. बुंध्याला गोल्फचा पितळी बिल्ला ठोकला होता. तो तिनं अंगठ्यानं पुसला. मग चटई अंथरली, बिस्मिल्ला म्हणाली, आणि बोटांनी डहाळी सोलायला लागली. दाणे टपाटप चटईवर पडायला लागले. दोन वर्षांनी तो आवाज ऐकला. तिचा चेहरा असा मोकळा झाला की मीही हसायला लागले.

तेवढ्यात एक पांढरा चेंडू येऊन चटईजवळ पडला. लांबून एक गोरा माणूस चालत येत होता. मला वाटलं, बिचाऱ्याचा हरवला असेल. मी तो उचलला आणि पळत जाऊन त्याच्या हातात दिला. त्यानं कपाळावर हात मारला, मग खो खो हसत सुटला. पडलेला चेंडू हलवायचा नसतो, हे मला कुठं ठाऊक. त्याचा सोबती आमचे फोटो काढायला लागला. सासूनं तिकडे पाठ केली.

जरा वेळानं छोट्या गाडीतून मुकादम आला. "हे काय चाललंय?"

"तोडणी," सासू म्हणाली.

"कुणाला विचारून?"

सासूला प्रश्नच कळला नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. "कुणाला विचारायचं असतं?" ती म्हणाली. "झाड माझंय."

मुकादम आमच्यावर ओरडला नाही. त्यानं फोन लावला. थोड्या वेळानं मादाम आल्या, आणि मागून पायी, धापा टाकत ताहर. त्याच्या हातात फावडं होतं. आम्हाला बघून तो मधेच थबकला.

"लल्ला," मादाम म्हणाल्या, आवाज अगदी मवाळ, "झाड आता गोल्फचं आहे. त्याच्याच बदल्यात तर नळ दिला ना वाडीला?"

"पाणी दिलंत, जागा दिलीत, देव तुमचं भलं करो," सासू म्हणाली. "मी झाड कुठं दिलं? उभं राहायला दिलं."

मादामच्या ध्यानात आलं असावं, कारण त्या एकदम खाली बघायला लागल्या. मग म्हणाल्या, "पण फातिहा झाली आपली."

"झाली. मीच आधी हात उघडले."

"बघा लल्ला, इतक्या झाडांत एकाला सोडलं तर बाकीचेही येणार. आम्ही एक दिवस ठेवलाय, पुढच्या आठवड्यात. सगळ्या वाड्यांतल्या बायका येतील, सगळी झाडं उतरवायची, तेल काढायचं. अर्धं बायकांना वाटायचं. तुम्ही सगळ्यांत पुढे असाल."

"सगळ्या झाडांचं एकत्र तेल?"

"हो."

"मग त्यातलं माझं कुठलं?"

मुकादमानं घड्याळ पाहिलं. लांबवर दोन माणसं काठ्या टेकून आम्ही हलायची वाट बघत होती. मादाम ताहरकडे वळल्या. "ताहर, तू तरी समजाव आईला."

ताहरनं टोपी काढली, परत घातली. "यम्मा, चल घरी."

"तू सांग यांना," सासू म्हणाली. "झाड कुणाचं ते तू सांग. मुळं तू कापलीस."

मुकादम त्याच्याकडे बघत होता. गवतावरून काढलेली सगळी माणसं त्या क्षणी ताहरच्या मागे उभी आहेत असं मला वाटलं. बुटांकडे बघत तो म्हणाला, "गोल्फचं, यम्मा." आणि पुढे होऊन त्यानं तिच्या हातातून काठी काढून घेतली. ओढली नाही. तिनं सोडली म्हणून आली.

टोपलीच्या तळाला थोडे दाणे जमले होते. मादाम घाईघाईनं म्हणाल्या, "ते असू द्या, ते न्या तुम्ही." सासूनं टोपली बुंध्याशी पालथी केली, चटई झटकली, गुंडाळली आणि चालायला लागली. चपला घालायला विसरली. मीच त्या उचलून मागून नेल्या.

घरी आल्यावर ती रोजच्यासारखी कामाला लागली. संध्याकाळी ताहर आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. सासूनं त्याला आत बसवून पुढे भाकरी ठेवली, रस्सा ठेवला. तो घास तोडायचा आणि ताटातच ठेवायचा.

"सोडतो मी ती नोकरी," तो म्हणाला.

"आणि पोरांना काय घालशील? दगड?" सासू म्हणाली. "जेव गुमान."

"यम्मा, मी दुसरं काय बोलणार होतो?"

"काही नाही. जेव." ती त्याच्यावर रागावली असती, दोन शिव्या घातल्या असत्या, तर तो पोटभर जेवला असता. तिनं ते केलं नाही. मला तिचा त्या दिवशी खरंच राग आला.

बा जिलालीला बातमी कळली तसा तो काठी आपटत आला. "वहिनी, मी जाऊन बोलतो त्या बाईशी. माझ्या शेतात इतकी वर्षं तुझं झाड होतं, मी साक्ष देतो."

"आणि नळ बंद केला तर?" सासूनं विचारलं.

त्यानं काठी भिंतीला टेकवली.

"तुझे कांदे, हिचा पुदिना, सगळ्यांची बार्ली," ती म्हणाली. "मी काय वाडीला तहानेनं मारू एका झाडापायी? बस, चहा घे." तो बसला. चहा संपेपर्यंत दोघांपैकी कुणी भांडलं नाही. ती त्यांची पहिलीच वेळ असावी.

ठरलेल्या दिवशी गोल्फची बस आली. आम्हा सगळ्या बायकांना हिरवे एप्रन दिले. मला वाटलं होतं सासू येणार नाही, पण ती सगळ्यांच्या आधी बसमध्ये चढली. बायका आनंदात होत्या, गाणी म्हणत होत्या, आणि का नसाव्यात? सावलीतलं काम, दुपारी जेवायला कुसकुस, शिवाय तेल. हनिया सगळ्यांना सांगत होती, सून आज-उद्या बाळंत होईल. मुकादमानं दोघी-दोघींना झाडं वाटून दिली. आम्हाला फाटकाजवळचं एक मिळालं. तळ्याकाठचं झाड कुणा दुसऱ्याच वाडीतल्या पोरींकडे गेलं. त्या काठ्यांनी झोडपत होत्या, पानांसकट.

सासूनं एप्रनची गाठ घट्ट केली आणि मादामपाशी गेली. मी मागेच होते.

"मादाम," ती म्हणाली, "ते झाड मी उतरवलं तर चालेल का?"

मादामचा चेहरा खुलला. त्यांना वाटलं असणार, चला, म्हातारीची समजूत पटली. "चालेल म्हणजे काय! अगदी खुशाल, लल्ला."

इतक्या वर्षांत त्या झाडाला हात लावायला सासूनं पहिल्यांदा कुणाची तरी परवानगी मागितली, आणि ती हसतमुखानं मिळाली. त्या पोरींना बाजूला करून तिनं संध्याकाळपर्यंत झाड उतरवलं. एक डहाळी मोडू दिली नाही. कुणी फोटो काढला तर मान वर केली नाही. दाणे पोत्यांत भरले, पोती इतर पोत्यांवर टाकली गेली, आणि गाडी निघून गेली. ती बघत उभीही राहिली नाही.

काही दिवसांनी तेल आलं. फाटकापाशी रांग लावून एकेकीला बाटली दिली. सासूही रांगेत उभी राहिली. सुंदर बाटली होती, कागदावर एक झाड काढलेलं. घरी येऊन तिनं ती माझ्या हातात दिली.

"बरणीत ओतू?" मी विचारलं.

"नको. चुलीपाशी ठेव. स्वयंपाकाला वापर."

"लल्ला, हनियाची सून..."

"मजुरी आहे ही, कलतूम. मजुरी पोटात घालायची असते, ती कुणाला द्यायची नसते."

मी पुष्कळ बोलले. म्हटलं, तेल तेलच असतं, त्यात तुमच्या झाडाचेही दाणे आहेत, बाळाला काय कळतंय. तिनं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "बाळाला कळत नाही. मला कळतं."

हनियाच्या सुनेला मुलगा झाला. सकाळी आम्ही बायकांनी केलेला आनंदाचा गजर वाडीभर ऐकू गेला. मी भाकरीचं पीठ मळत होते तेव्हा दार वाजलं. हनिया होती, अंगातल्या पायघोळ जलाब्याला कस्तुरीचा वास, चेहरा नुसता उजळलेला. दोन्ही हातांत वाडगं.

"लल्ला कुठंय? म्हटलं, यंदाचं पहिलं वाडगं आपलं."

मागच्या खोलीत सासू जमिनीवर बसली होती. भिंतीला पाठ, हात मांडीवर. तिनं माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत मी तिच्या डोळ्यांत भीती कधी पाहिली नव्हती. मला दुसरं काही सुचलं नाही. "घरी नाहीत गं," मी हनियाला म्हटलं. "बाहेर गेल्यात."

हनिया "बरं, मग येते नंतर," म्हणून वळली, तोच आतून सासूचा आवाज आला. मोठा आणि स्वच्छ.

"घरी आहे गं मी, हनिया. झाड नाही."

हनिया दारातच उभी राहिली. मग तिनं वाडगं जलाब्याच्या आत घेतलं, कुणाला दिसू नये असं, आणि पायऱ्या उतरून गेली. मी दार लावलं. पीठ तसंच परातीत पडलं होतं, ते पुन्हा मळायला घेतलं.